नाही म्हणणारा हात

मुलग्याने त्वचेच्या आणि सौंदर्याच्या कामाचं रीतसर शिक्षण घ्यावं का, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, 'हे बायकांचं काम.' दुसरं, 'हल्ली सगळं चालतं.' दोन्हींत त्या कामाविषयी काहीच नसतं. ज्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, तिथे मात्र हाच प्रश्न निघाला की जात, पोट, बाईची स्वतःची खोली, बापाची दुखरी कंबर, सगळं एकदम बोलायला लागतं. असे आवाज मी वेगवेगळ्या ठिकाणी ऐकले. इथे ते दोघांच्या तोंडी घातले आहेत.

आत्या पन्नाशीची आहे. साताऱ्यात तिचं स्वतःचं पार्लर आहे, तेवीस वर्षांचं. भाचा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला, वय बावीस. त्याच्या वडिलांचं सलून आहे. घर नाभिकांचं. दिवस सोमवारचा, म्हणजे वडिलांच्या दुकानाच्या सुट्टीचा. वेळ दुपारची, पार्लरमध्ये गिऱ्हाईक नसतं ती.

आत्या : बस. खुर्चीत नको, त्या स्टुलावर बस. खुर्ची गिऱ्हाइकाची.

भाचा : आत्या, मला कॉस्मेटोलॉजी शिकायचंय. आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स आहे, दहावीवर मिळतो. बाबा दोन आठवडे धड बोलत नाहीत माझ्याशी. तू समजाव ना त्यांना.

आत्या : त्याला समजवायचं नंतर बघू. आधी मला तरी पटू दे. काय म्हणाला दादा?

भाचा : म्हणाले, तुझ्या आज्ज्याने काखेत धोकटी मारून गावभर पायपीट केली. मी बारा-बारा तास उभा राहून तुला शिकवलं. ते काय पुन्हा लोकांच्या तोंडावर हात फिरवायला?

आत्या : खोटं नाही बोलला तो. तू आबांना म्हातारपणी पाहिलंस, मी उमेदीत पाहिलंय. चिंचेखाली दोन पायांवर बसून दाढ्या करायचे. समोरचाही जमिनीवर, हेही जमिनीवर. सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. वर्षभराच्या कामाचे दाणे, पण देणारा द्यायचा असा की जणू दान करतोय. ज्याची दाढी केली त्याचं शेंबडं पोरगंसुद्धा आबांना एकेरीत हाक मारायचं. पुढे दादाने शहरात दुकान टाकलं, खुर्ची आणली. गिऱ्हाईक वर बसलं आणि आपल्या घरातला माणूस पहिल्यांदा ताठ उभा राहून काम करायला लागला. आता तू म्हणतोस परत त्याच कामात येतो. त्याला वाटणारच, वर चढवलेलं पोर खाली उतरलं.

भाचा : पण काम खालचं होतं का, आत्या? आपल्या संत सेना महाराजांची गोष्ट तूच सांगायचीस. महाराज पूजेत रमले, राजाकडे जायला उशीर झाला, तेव्हा देवच त्यांच्या रूपात धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला.

आत्या : देव लाजला नाही रे. गाव लाजवत राहिलं. ते तुला सोसावं लागलं नाही, म्हणून तुला हे सोपं वाटतंय.

भाचा : सोपं वाटत नाही. मी कशापायी यात पडतोय ते ऐक तरी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या तोंडावर किती पिंपल्स आले होते, आठवतं ना? मित्राने एक ट्यूब सांगितली, मेडिकलमधून आणली. आठ दिवसांत चेहरा साफ, वर रंगही उजळ. मी खूश. दोन महिने लावली. बंद केली तशी कातडी पेटली. उन्हात गेलं की आग, घाम आला की आग. गालावर लाल शिरा दिसायला लागल्या आणि पिंपल्स आधीच्या दुप्पट. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड आहे. कातडी पातळ झालीये, भरून यायला महिने लागतील. आत्या, त्या घटकाचं नाव ट्यूबवर छापलेलं होतं. बारीक अक्षरात, पण होतं. मी रसायनशास्त्र शिकत होतो आणि ते मी वाचलं नव्हतं.

आत्या : माझ्याकडेही येतात तसले चेहरे. बायकांचेच जास्त.

भाचा : सरकारने २०१८ मध्ये असली चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात फिरतात. पण तुझ्याकडे येणाऱ्या बाईला विचारायला तू तरी आहेस. पुरुषाला कोण आहे? रविवारी मी दुकानात बाबांना मदत करतो. खुर्चीत बसणाऱ्या पोरांचे गाल पाहतो. तीच लाली, त्याच शिरा. डॉक्टरकडे जायला लाज वाटते, पार्लरची पायरी चढणार नाहीत आणि घरात बोलणार नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा, चांगल्या उजेडात, वीतभर अंतरावरून त्यांचा चेहरा बघणारा माणूस जगात एकच आहे. बाबा. बाबांना दिसतं सगळं. आपण काय पाहतोय ते मात्र कळत नाही, कारण कुणी शिकवलेलं नाही.

आत्या : असं बघ, मी काही तुझ्या शिकण्याच्या आड येत नाही. पण हा धंदा बायकांनी कसा उभा केला हे तुला माहीत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून मी तीन महिन्यांचा क्लास केला. घरातल्या पुढच्या खोलीत एक आरसा आणि एक खुर्ची, एवढ्यावर सुरुवात. नवरा म्हणायचा, आठवड्यात बंद पडेल. माझ्यासारख्या किती तरी. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी दहावी नापास. बाईला भांडवल लागत नाही, दोऱ्याचं रीळ पुरतं, असा हा एकच धंदा होता. आता यात पैसा दिसायला लागला आणि पुरुष आले. स्वयंपाक जन्मभर बाईने करायचा, पण मोठ्या हॉटेलात शेफ कोण? शिवणकाम बाईचं, पण दुकानावर नाव कुणाचं? उद्या इथेही तसंच होईल. तू होशील एक्स्पर्ट आणि मी राहीन पार्लरवाली.

भाचा : पुरुष यात आजच आले असं कुठे आहे? नाटकात बाई होणाऱ्या बालगंधर्वांना रंगवणारे हात पुरुषांचेच होते. त्यांचं लुगडं नेसणं, दागिने घालणं पाहून घरोघरच्या बायका तशा नटायच्या. पंढरीदादा जुकर घे. राजकमल स्टुडिओपासून सुरुवात करून पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी नटनट्यांचे चेहरे रंगवले. 'बालगंधर्व' सिनेमात तर एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला असं सजवलं की आपल्याला खुद्द बालगंधर्वच दिसले. विक्रम गायकवाडांना त्या रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आत्या : मोठी माणसं ती. त्यांच्या हाताला माझा नमस्कार. पण उठ, तो वरचा ड्रॉवर उघड. वहीत एक कात्रण आहे, वाच.

*(भाचा कात्रण काढतो. पिवळं पडलंय. नोव्हेंबर २०१४ चं आहे.)*

भाचा : 'मेकअपचं काम स्त्रियांनाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.'

आत्या : मुंबईच्या सिनेमाधंद्यातल्या युनियनचा नियम होता. बाईने फक्त केस करायचे, चेहऱ्याला रंग पुरुषानेच लावायचा. पन्नासहून जास्त वर्षं तसंच चाललं. चारू खुराना नावाची मुलगी परदेशात शिकून आली, तिला मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारलं. ती कोर्टात गेली. १० नोव्हेंबर २०१४ ला निकाल लागला, हा नियम घटनेत बसत नाही म्हणून. एकविसावं शतक उजाडून चौदा वर्षं झाली होती! आता तूच सांग. गल्लीतल्या पार्लरमध्ये चाळीस रुपयांना भुवया कोरायच्या तेव्हा ते बायकांचं काम. स्टुडिओत हिरॉइनच्या गालाला ब्रश लावायचा तेव्हा मात्र ते पुरुषांचं काम, बाईला बंदी. काम एकच, चेहराही एकच. मग बदललं काय?

भाचा : पैसा. आणि मान.

आत्या : म्हणून भीती वाटते. तुझी नाही. तुझ्या पाठीमागून येणाऱ्या गर्दीची.

*(थोडा वेळ दोघं गप्प. बाहेरून रिक्षाचा आवाज येतो.)*

भाचा : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, लोक पुरुषांना हसतात म्हणजे अन्याय फक्त पुरुषांवर होतो.

आत्या : हसतात ना, हसू दे. चार वर्षांत थांबतात. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. ही खोली बघ. दाराला पडदा आहे. बाई आत आली की आधी खांद्यावरची पिन काढते, ओढणी बाजूला ठेवते. साताऱ्यासारख्या गावात बाईला अशी किती ठिकाणं आहेत, जिथे तिच्याकडे कुणी बघत नाही? वॅक्सिंग करताना दंडावरचा वळ मला दिसतो. मी काही विचारत नाही, पंखा लावते, हळूहळू तीच बोलते. कॉलेजची पोरगी येते, हनुवटीवर केस, पोरं मिशीवाली म्हणून चिडवतात. दोरा फिरवता फिरवता मी विचारते, पाळी वेळेवर येते का गं? येत नसते. मग तिला बायकांच्या डॉक्टरकडे पाठवते. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, निघतो. हे ती तुझ्यासमोर बोलेल?

भाचा : नाही बोलणार. आणि मी या खोलीत येणारही नाही. तू जे इथे करतेस ते मला बाबांच्या दुकानात करायचंय. मागची अडगळीची खोली रिकामी करून एक बेड टाकायचा. पुरुषांच्या कातडीला तेल जास्त सुटतं, ती जाडही असते, त्यावर रोजचा वस्तरा. मानेवर केस कातडीत उलटे वाढतात, फोड येतात. लोक त्यांना पिंपल समजून फोडतात. नुसता वस्तरा केसांच्या दिशेने फिरवला, त्याआधी गरम टॉवेलने केस मऊ केले, तरी निम्मं दुखणं कमी होतं.

आत्या : ते ठीक. पण शिकणार कुणावर? वर्गात बहुतेक मुलीच असतील. फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग सगळं हातानेच शिकायचं असतं. फळ्यावर नाही येत ते.

भाचा : चार मित्र कबूल केलेत. शिवाय त्वचेचे डॉक्टर पुरुष असतात, बाया त्यांना चेहरा दाखवतातच की.

आत्या : तिथेच चुकतोस. डॉक्टरचं नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत असतं. चुकला तर तक्रार कुठे करायची ते माहीत असतं. तपासताना नर्स उभी असते. आपल्या मागे कोण आहे? भिंतीवर शॉप ॲक्टचा कागद लावलाय, बस्स. कुणीही आठ दिवसांचा क्लास करतो आणि बोर्डावर 'स्किन स्पेशालिस्ट' लिहितो. बाईने तुझ्यावर भरवसा ठेवावा, तर कशाच्या जोरावर? तुझा चेहरा भोळा आहे म्हणून?

भाचा : म्हणूनच तर रीतसर शिकायचंय मला! पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत नाभिकही आहेत. सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, वर कमी व्याजाचं कर्ज. बाबांना मी तो अर्ज भरायला सांगणार आहे. पण पाच-सात दिवसांत अवजार हाताला बसेल, कातडी नाही समजणार. आयटीआयला वर्ष लागतं. सिडेस्को म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९४६ पासूनची, तिच्या डिप्लोम्याला १२०० तास शिकावं लागतं. एवढे तास कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग कळलं, कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच चार आठवडे लागतात. म्हणजे आज केलेल्या कामाचा खरा निकाल महिन्याने दिसतो. आठ दिवसांच्या क्लासात आपली चूक बघायलाही मिळत नाही.

आत्या : *(पहिल्यांदाच हसते)* हे चांगलं बोललास. बरं, आता परीक्षा. लग्नाला पाच दिवस राहिलेत, नवरदेव येतो. म्हणतो, फोटोत गोरा दिसलो पाहिजे, काहीही लाव, पैसे किती ते बोल. काय करशील?

भाचा : पहिलं म्हणजे पाच दिवसांवर लग्न असताना कातडीला नवीन काही लावणार नाही. आपली सावळी कातडी जळली किंवा चिडली की तिथे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. हलकं साफ करेन, दाढी नीट करेन, पाणी पी, झोप काढ म्हणून सांगेन. गोरं करायचं क्रीम देणार नाही. नाव-गाव नसलेल्या डब्यांत पारा असू शकतो. पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडतात.

आत्या : तो उठून पुढच्या दुकानात जाईल.

भाचा : जाऊ दे.

आत्या : केसांना काळा रंग लावायला म्हातारा आला. घाईत आहे.

भाचा : कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबायला सांगेन. काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाने काहींचं तोंड सुजून डोळे मिटतात.

आत्या : दाढीत गोल चट्टा आहे, खाजतोय. म्हणतो, आजच्या आज दाढी करून टाक.

भाचा : बुरशी असेल. वस्तरा फिरवला तर पसरेल, आणि त्याच टॉवेलने पुढच्यालाही होईल. नाही करणार. डॉक्टरकडे पाठवेन.

आत्या : पाठीवर फिकट चट्टा. खाजत नाही, दुखत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही.

भाचा : *(थांबून)* तो मात्र लगेच सरकारी दवाखान्यात. कुष्ठरोगाची सुरुवात असू शकते. औषध तिथे फुकट मिळतं आणि लवकर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. मी दुकानात मोठ्याने बोलणार नाही. बाहेर नेऊन सांगेन.

आत्या : शेवटचं. गिऱ्हाईक म्हणतं, तू एवढा शिकलायस, बोटॉक्स पण टोच की. डॉक्टर दहापट घेतो.

भाचा : सुई डॉक्टरच्या हातातली. माझ्या नाही.

आत्या : ऐक आता. तुला विचारलेल्या पाची प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच होतं. तेवीस वर्षांत मी एवढंच शिकले बघ. मसाज, फेशियल, कोरीव भुवई, हे सगळं हात शिकतो. कुठे थांबायचं ते शिकायला जन्म जातो. हात तयार झाला हे मी कशावरून ओळखते? 'नाही' म्हणता यायला लागलं की. आणि आपल्या जातीला हे शिकवायची गरज नाही, आपण विसरलोय एवढंच. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. विचार कर. घरचे म्हणतायत कर, धर्म म्हणतोय कर, पैसे समोर ठेवलेत. आणि ज्याला गाव एकेरीत हाक मारतं तो माणूस वस्तरा खाली ठेवून म्हणतो, नाही, या बाईच्या डोक्याला मी हात लावणार नाही. ते पुरुषाचेच हात होते. बाईच्या शरीराचा मान त्या हातांना कळला होता.

भाचा : मग पुरुषाच्या हातावर भरवसा ठेवता येतो, असंच म्हणतेस ना तू?

आत्या : घाई करू नकोस. ज्या हाताला 'नाही' म्हणता येतं आणि समोरच्याचं 'नाही' ऐकू येतं, त्या हातावर ठेवता येतो. बाईचा असो, पुरुषाचा असो. पार्लरमधल्या बाईनेही ब्लीच जास्त वेळ ठेवून चेहरे भाजलेत, मी पाहिलंय. पण एखादी म्हणाली, मला बाईच पाहिजे, तर ते तिचं 'नाही' आहे. त्याचा राग धरायचा नाही, तो तुझा अपमान नाही. हे कबूल?

भाचा : कबूल.

आत्या : मग माझी एक अट आहे. तुला नाही, दादाला. मी चौदा वर्षांची होते. सुट्टीत दुकानात जायची. केस झाडायची, ब्रश धुवायची, फेस करून द्यायची. एक दिवस म्हटलं, आबा, मला दाढी करायला शिकवा. आबा हसले. दादा म्हणाला, पोरीच्या हातात वस्तरा? लोक थुंकतील. वस्तरा गेला त्याच्या हातात आणि माझ्या हातात आलं लाटणं. पार्लर मी हौसेने काढलं असं सगळ्यांना वाटतं. मला दुकानात घेतलं नाही म्हणून काढलं.

भाचा : हे मला कधी कुणी सांगितलंच नाही.

आत्या : कोण सांगणार? गडहिंग्लजकडे हासूरसासगिरी म्हणून गाव आहे. तिथल्या शांताबाई यादवांचा नवरा १९८४ साली गेला. पदरात चार मुली. मरायचं की जगायचं अशी वेळ. त्यांनी नवऱ्याचा वस्तरा उचलला. गाव हसलं, मग गावच रांगेत बसलं. माणसांच्या दाढ्या केल्या, म्हशी भादरल्या, चारही मुलींची लग्नं केली. ते वाचलं तेव्हा मी रडले होते. त्यांचं दुःख होतं म्हणून नाही. त्यांच्या घरात वस्तरा अडवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो त्यांना मिळाला. माझ्या घरात सगळे होते.

भाचा : अट काय आहे?

आत्या : तू बायकांच्या मानलेल्या कामात येतोयस ना? ये. मीच शिकवीन तुला, वर्ग सुटल्यावर, दर सोमवारी. पण दादाच्या दुकानात पुढची जी खुर्ची रिकामी होईल, तिथे शिकायला एक मुलगी घ्यायची. पगार मुलाइतकाच. माझ्या हाताखालची सुमार मुलगी नव्हे, ज्या पोरीचा हात सगळ्यात स्थिर ती. दार उघडायचं तर दोन्ही घरांचं उघडू दे. एकच उघडलं तर ते दार नाही, घुसखोरी आहे.

त्या दोघांना इथे थोडं थांबवून माझं म्हणणं मांडतो. हा संवाद लिहायला बसलो तेव्हा माझा कौल सरळ भाच्याला होता. काम कुणाचंही नसतं, ज्याला आवडतं त्याने करावं, एवढंच मला म्हणायचं होतं. आत्याने ते अपुरं ठरवलं, आणि मला ते मान्य आहे. मुलगे या क्षेत्रात यायलाच हवेत. आपले पुरुष स्वतःच्या कातडीविषयी कुणाशी बोलत नाहीत. लाजेपोटी चुकीची मलमं फासतात, चट्टे लपवतात. त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर उभा राहणारा माणूस जर जाणता असेल, तर किती दुखणी वेळेवर दवाखान्यात पोहोचतील. वडिलांनी मुलाच्या या निवडीला खालची पायरी समजू नये. पायरी कामाने ठरत नाही, काम किती समजून केलं यावरून ठरते.

पण ज्या बायकांनी एका खोलीत, एका आरशावर हा व्यवसाय उभा केला, त्यांच्या डोक्यावरून नवी पाटी लागणार असेल तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. आयटीआयच्या कॉस्मेटोलॉजीच्या वर्गात मुलगा बसला की आपण कौतुकाने फोटो छापतो. गावच्या सलूनमध्ये मुलगी वस्तरा धरून उभी राहील तेव्हाही तेवढ्याच सहजतेने आपण तिच्यापुढे मान मागे टाकून बसणार आहोत का? हा प्रश्न आधी मी स्वतःला विचारला. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. तो वेळ लागावा याचंच वाईट वाटलं.

आता पुन्हा त्या खोलीत.

भाचा : बाबा ही अट ऐकतील असं वाटत नाही.

आत्या : तुझं काम तू कर. हे घे रीळ. एक टोक दातात, दोन बोटांत पीळ, असा. चेहऱ्याला हात लावायचा नाही अजून. महिनाभर स्वतःच्या नडगीवर केस काढायचे. रोज.

भाचा : *(पँट वर सरकवून प्रयत्न करतो)* आई गं!

आत्या : दुखलं? लक्षात ठेव ते. पुढे जन्मभर ते दुसऱ्याला दुखणार आहे. पीळ सैल कर. कातडी ताणून धर दुसऱ्या हाताने. हां, असं.

*(भाचा खाली वाकून दोरा ओढत राहतो. आत्या काही वेळ त्याच्या बोटांकडे बघते, मग फोन उचलते.)*

आत्या : दादा, झोपला होतास का? पोरगं इथंच आहे माझ्याकडे, जेवलंय. त्याचं नंतर बोलू. आधी एक सांग. आबांचा वस्तरा अजून आहे ना तुझ्याकडे? तो शिसवी मुठीचा. मग येताना घेऊन ये. नाही, त्याला नको. मला धरून बघायचाय.